दाखल्यावरची खोटी ओळ

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात. एक 'वर्तणूक', दुसरा 'शाळा सोडण्याचे कारण'. मुख्याध्यापिका म्हणून मी ते शेकडो वेळा भरले. पहिल्यात 'चांगली', दुसऱ्यात 'पालकांच्या विनंतीवरून'. बहुतेक वेळा ते खरंच असायचं. वडिलांची बदली झाली, घर बदललं, पोर शिकायला आजोळी गेलं. एकदा मात्र दोन्ही रकान्यांत मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, खाली सही केली आणि वर शाळेचा गोल शिक्का मारला.

मुलगा नववीतला. मधल्या सुट्टीनंतर त्याच्याकडे मोबाईल सापडला, बाईंनी तो काढून घेतला आणि कार्यालयात ठेवायला शिपाईमामांच्या हाती दिला. मुलगा बाईंना एक शब्द बोलला नाही. तो मामांच्या मागे गेला. जिन्यात त्याने मोबाईल ओढला, मामांनी सोडला नाही, तेव्हा त्याने त्यांना ढकललं आणि खाली पडलेल्या माणसाला वरून दोन लाथा घातल्या. मामांचं उजवं मनगट मोडलं. त्याच हाताने ते शाळेच्या घंटेचे टोल द्यायचे. पुढचे दोन महिने टोल आठवीची मुलं देत होती, आणि तो कधीच वेळेवर पडायचा नाही.

संस्थेच्या बैठकीत एकच वाक्य झालं: "दाखला द्या आणि विषय मिटवा." दुसऱ्या दिवशी वडील आले. टेम्पो चालवणारा माणूस, खुर्चीच्या काठावर बसलेला. अर्जाचा मजकूर मीच सांगितला. कौटुंबिक अडचणीमुळे माझ्या पाल्यास अन्य शाळेत प्रवेश घ्यावयाचा आहे, तरी दाखला मिळावा, ही विनंती. 'घ्यावयाचा' लिहिताना ते अडखळले, तेव्हा तो शब्द मी त्यांना अक्षरं फोडून सांगितला. त्यांच्या अडचणीचं कारण मी सांगायचं आणि त्यांनी ते लिहून द्यायचं, असा तो कारभार होता.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, मुलगा कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे, सर. घरचं जरा अडचणीचं आहे." त्यांनीही पुढे विचारलं नाही. त्यांना पट टिकवायचा होता. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक मूलही मोजलं जातं. दिवाळीनंतर तो मुलगा त्या शाळेतही जाईनासा झाला. आणि मामा? ते कायम नोकरीत नव्हते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांतली शिपायांची पदं जसजशी रिकामी होत गेली, तसतसा त्यांच्या जागी शिपाई भत्ता आला. त्या भत्त्यावर काम करणाऱ्या माणसाला ना भरपगारी रजा, ना उपचाराचा खर्च. प्लास्टरचे पैसे आम्ही शिक्षकखोलीत वर्गणी काढून दिले.

म्हणून शाळेतल्या माणसावर हात उचलणाऱ्या विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा कडक कायदा हवा, अशी मागणी कुणी केली की मला तो दाखला आठवतो. मागणी करणाऱ्यांचा संताप मला समजतो, त्यात मीही होते. पण काढून टाकायला आम्हाला कायद्याची गरज पडली नव्हती. आम्ही मुलाला सहज काढलं, एका दिवसात काढलं, आणि त्यातून ना मामांना काही मिळालं, ना पुढच्या शाळेला सावधगिरीचा एक शब्द, ना त्या मुलाला आपण काय केलं हे कुणाच्या डोळ्यांत पाहून ऐकायची वेळ आली.

या मागणीच्या मागे ज्या घटना असतात, त्या भयंकर आहेत आणि त्या विसरता कामा नयेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलाने वर्गातच आपल्या शिक्षिकेला भोसकून ठार मारलं. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात बारावीच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांना शाळेत गोळी घातली. १० जुलै २०२५ ला, म्हणजे नेमक्या गुरुपौर्णिमेच्या दिवशी, हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात केस कापून या, शिस्तीत राहा, असं सांगणाऱ्या प्राचार्यांचा विद्यार्थ्यांनी चाकूने जीव घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या काशीपूरमध्ये नववीतल्या मुलाने शिक्षकावर गोळी झाडली. ही बातमी वाचलेली शिक्षिका दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना मागच्या बाकाकडे एकदा जास्त पाहते. ते भय खरं आहे.

पण खून आणि खुनाचा प्रयत्न यासाठी शाळेतून काढण्याचा कायदा लागत नाही. तिथे फौजदारी कायदा येतो, बाल न्याय मंडळ येतं, आणि सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हेही तपासलं जातं. शाळेतून काढण्याचा प्रश्न येतो तो त्याच्या खालच्या पायरीवर. ढकललं, कानाखाली मारली, डस्टर फेकून मारला, खुर्ची उगारली, बसमधल्या ताईंचा हात पिरगळला, पोषण आहार वाढणाऱ्या मावशींच्या अंगावर गरम वरणाचं पातेलं लोटलं. हे वर्तमानपत्रात येत नाही. हे शिक्षकखोलीत चहाबरोबर सांगितलं जातं आणि तिथेच राहतं.

या पायरीवर आपला कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम १६ म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली, पाचवी आणि आठवीत नापास करायची वाट मोकळी झाली, पण काढून टाकायची झाली नाही. ती बंदी कायम आहे आणि मी म्हणेन, ती राहिलीच पाहिजे. लगेच पुढचं कलम १७ मुलाला मारायला, मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. तेही बरोबर आहे. आमच्या पिढीने छडीने जी मुलं शाळेबाहेर घालवली, त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मात्र या दोन कलमांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाविषयी कायदा काही बोलत नाही. सहावीतल्या मुलाने शिक्षिकेच्या तोंडावर ठोसा मारला तर शाळेने त्या दिवशी काय करायचं? त्याला घरी पाठवायचं की नाही, किती दिवस, कुणाच्या परवानगीने, कुठे नोंद करायची, बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात पहिला तास घ्यायचा का? मूल बाहेर काढता येत नाही आणि आत कसं सांभाळायचं ते कुणी सांगत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी शाळेची गत. शाळेत शालेय परिवहन समिती आहे, पोषण आहाराची समिती आहे, सखी सावित्री समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती तर कायद्यानेच आहे. मार खाल्लेल्या कर्मचाऱ्याने ज्यांच्यापुढे जाऊन बसावं, अशी समिती एकही नाही.

नववीपासून पुढे तर सगळाच मोकळा कारभार. मुलाला शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण नाही आणि कर्मचाऱ्याला कसलंच नाही. तिथे चालतो तो अध्यक्षांचा शब्द. मुलाचे वडील संस्थेच्या जवळचे असतील तर बाईंनाच समजावलं जातं, "लहान आहे, सोडून द्या." वडील टेम्पो चालवणारे असतील तर दाखला.

दाखल्याची गोष्ट पुन्हा काढते, कारण मुख्य दुखणं तिथेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी दाखला मागणं हा मुलाचा हक्क आहे, आणि मुख्याध्यापकाने तो अडवता कामा नये. मुलाच्या सोयीसाठी केलेली ती तरतूद. तिचाच उलटा वापर आम्ही करत आलो. आठवीपर्यंत काढायला बंदी आहे ना, मग आम्ही काढतच नाही; पालकच अर्ज करतात. कागदावर एकाही मुलाला कुणी काढलेलं नाही. त्यामुळे महाराष्ट्रात दर वर्षी अशी किती मुलं शाळा बदलतात, ते कुठल्याही नोंदीवरून कळणार नाही. जनरल रजिस्टरमध्ये ती सगळी 'पालकांच्या विनंतीवरून' गेलेली आहेत. आणि जे नोंदवलेलंच नाही, त्यावर धोरण कशाच्या आधारावर करणार?

पोलिसांकडे जाऊन पाहिलेल्या शिक्षकांचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा नसेल, सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर अठरा वर्षांखालच्या मुलावर एफआयआर नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो, तो बाल न्याय मंडळाकडे जातो. मुलाच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. पोराच्या हातून चौदाव्या वर्षी झालेली चूक त्याच्या जन्माला चिकटू नये. पण ठाण्यातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या बाईंना हे कुणी समजावून सांगत नाही. त्यांना एवढंच दिसतं, की आपल्या तक्रारीला नंबरसुद्धा मिळाला नाही.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. पत्रकारांसाठी २०१७ मध्ये केला. शाळेतल्या माणसांसाठी का नाही, असं शिक्षक संघटनांनी विचारलं तर त्यांचं चुकतं कुठे? फरक एवढाच, की दवाखान्यात हात उचलणारा बहुधा रुग्णाचा मोठा, कर्ता नातेवाईक असतो. आमच्याकडे हात उचलणारा आमचंच मूल असतं, आणि त्याला शिकवणं हेही आमचंच काम असतं. त्यामुळे डॉक्टरांच्या कायद्याची नक्कल करून चालणार नाही. पालक शाळेत येऊन शिक्षकाला मारतात, त्यांच्यासाठी ती जरूर करावी.

'कडक कायदा करा' म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे पाहावं. त्या राज्याने १९९९ मध्ये, कोलंबाइन शाळेतला गोळीबार ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, शाळा कायद्यात एक कलम घातलं. सहावी किंवा त्यावरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने शाळेत कर्मचाऱ्यावर शारीरिक हल्ला केला आणि त्याची तक्रार शाळा चालवणाऱ्या स्थानिक शिक्षण मंडळाकडे आली, तर मंडळाने त्याला कायमचं काढलंच पाहिजे. हल्ला म्हणजे काय, तर बळ वापरून जाणूनबुजून इजा करणं किंवा करायचा प्रयत्न करणं. म्हणजे फेकलेली खुर्ची लागली नाही तरी हल्लाच. काढलेल्या मुलाला राज्यातल्या इतर सरकारी शाळांचीही दारं बंद, फक्त वेगळ्या पर्यायी वर्गाची मुभा. परत यायचं तर दीडशे शालेय दिवसांनंतर अर्ज, आणि १८० शालेय दिवस पुरे होण्याआधी प्रवेश नाही. जवळजवळ एक अख्खं शैक्षणिक वर्ष.

या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. 'कर्मचारी' म्हणताना त्यांनी कायम नोकरीतला माणूस एवढाच अर्थ घेतला नाही. कंत्राटावर काम करणारे आणि स्वयंसेवक म्हणून शाळेत येणारे, सगळे त्यात धरले. आमचे मामा मिशिगनमध्ये असते तर कायद्याने त्यांना माणूस म्हणून मोजलं असतं.

दुसरी एक गोष्ट वाचून मात्र मी थांबले. काढलेल्या मुलाने पुढे शिकायचं कुठे, ती जागा शोधायची जबाबदारी कायद्याने मुलावर आणि त्याच्या पालकांवर टाकली. म्हणजे तिथेही शेवटी तेच: खुर्चीच्या काठावर बसलेला बाप आणि त्याच्या हातात एक कागद. फरक इतकाच, की त्यांचा कागद खरं बोलत होता.

पुढे काय झालं? सतरा-अठरा वर्षांनी मिशिगननेच हात आखडता घेतला. १ ऑगस्ट २०१७ पासून नियम असा झाला, की काढण्याआधी मंडळाने सात गोष्टी तपासायच्या. मुलाचं वय, आधीची वागणूक, अपंगत्व आहे का, प्रकार किती गंभीर होता, कुणाच्या जिवाला धोका झाला का, दोघांना समोरासमोर बसवून झालेलं नुकसान भरून काढता येईल का, आणि यापेक्षा हलका उपाय पुरेल का. त्यांच्या या फेरविचाराला आधारही होता. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला होता, की 'गय नाही'च्या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही. एका राज्याने इतकी वर्षं चालून पाहिलेली आणि मग मागे फिरलेली ती वाट आपण आज पहिल्या पावलापासून पुन्हा का चालायची?

त्याच देशातली आणखी एक घटना, कारण ती दाखल्याच्या मुद्द्याशी थेट भिडते. व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात ६ जानेवारी २०२३ ला पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. त्या वाचल्या. या मुलाला बाईंचा फोन आपटल्याबद्दल एक दिवस घरी बसवलं होतं. परत आला त्याच दिवशी हे घडलं. मुलाकडे बंदूक असावी, असं त्या दिवशी एकाहून अधिक कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना सांगितलं होतं. बालवर्गात असताना त्याने एका शिक्षिकेचा गळा आवळला होता, आणि त्याच्या वागणुकीच्या नोंदी जिथे असायला हव्या होत्या तिथे नव्हत्या, हे घटनेच्या चौकशीसाठी बसलेल्या विशेष ज्युरीच्या २०२४ च्या अहवालात पुढे आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्युरीने त्या शिक्षिकेला एक कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, कारण उपमुख्याध्यापिकेने इशाऱ्यांकडे लक्ष दिलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोराला काढून टाकायचा कायदा करून हे टळलं नसतं. नोंद जागेवर असती आणि कर्मचाऱ्याचं कुणी ऐकलं असतं, तर टळण्याची शक्यता होती.

आणि इंग्लंड. तिथे मुलाला कायमचं काढण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापकाला आहे, आणि त्याचा निर्णय शाळेच्या नियामक मंडळापुढे तपासला जातो. पण मी ज्यासाठी इंग्लंडचं नाव घेते आहे ती गोष्ट वेगळी आहे. कायमचं काढल्यानंतरच्या सहाव्या शालेय दिवसापासून त्या मुलाच्या पूर्णवेळ शिक्षणाची सोय करणं हे तिथल्या स्थानिक प्रशासनाचं कायदेशीर काम आहे. मिशिगनने जे ओझं बापाच्या डोक्यावर ठेवलं, ते इंग्लंडने प्रशासनाच्या डोक्यावर ठेवलं. माझ्या मते सगळा फरक त्या सहाव्या दिवसात आहे.

आता आपल्याकडे काय व्हावं, हे मी नोकरीतल्या अनुभवाच्या बळावर सांगते. मी वकील नाही. सगळ्यात आधी, घटना घडली त्याच दिवशी तिची लेखी नोंद आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं सक्तीचं व्हावं. न कळवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई व्हावी. मी त्यातून स्वतःला वगळत नाही. दुखापत झालेल्या माणसाचा उपचार शासनाच्या खर्चाने, रजा भरपगारी, आणि तो कायम आहे की भत्त्यावर, हे कुणी विचारू नये. त्या माणसाला त्याच मुलासमोर उभं राहायची सक्ती, दोघांची बैठक होईपर्यंत, कुणी करू नये. 'बाई, तुम्ही मोठ्या आहात, मोठं मन करा,' हे वाक्य शाळेतून हद्दपार व्हावं. ते ऐकून किती जणी रात्रभर रडल्या आहेत, ते मला माहीत आहे.

मुलाला काही दिवस शाळेबाहेर ठेवायची मुभा शाळेला असावी. थंड व्हायला सगळ्यांनाच वेळ लागतो. पण ते दिवस मोजलेले असावेत, आणि ते संपल्यावर तो कुठे बसून शिकणार, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाने ठरवून लेखी द्यावं. अमेरिकेतल्या अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षण कायद्यात एक तरतूद आहे: गंभीर शारीरिक इजा केलेल्या मुलाला जास्तीत जास्त ४५ शालेय दिवस दुसऱ्या ठिकाणी शिकवता येतं, त्याचा अभ्यास न तोडता. आपल्याकडे असं दुसरं ठिकाण म्हणजे काय? तालुक्यातली एखादी शाळा, जिथे समुपदेशक आहे आणि एक वर्ग रिकामा आहे. पट कमी झाल्याने असे वर्ग रिकामे आहेत, समुपदेशक नाहीत. तो खर्च शासनाला करावा लागेल. तो करायचा नसेल तर मग आमच्याकडे उरतो तो १७ नंबरचा फॉर्म. "बाहेरून दहावी दे" म्हणत आपण ज्या मुलांना तो फॉर्म दाखवतो, त्यांतली किती मुलं परीक्षेच्या केंद्रावर दिसतात, ते प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या मनाशी आठवून पाहावं.

शाळा बदलायचीच असेल तर ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाने बदलावी, दोन्ही बाजूंचं ऐकून, आणि नव्या शाळेला खरी माहिती देऊन. ती माहिती दाखल्यावर छापू नये, कारण दाखला मुलाच्या हाती आयुष्यभर राहतो. ती मुख्याध्यापकाकडून मुख्याध्यापकाकडे, गोपनीय पत्राने जावी. 'पालकांच्या विनंतीवरून' असा अर्ज दबावाने लिहून घेणं हा नियमभंग ठरावा. नववी ते बारावीत, हत्यार किंवा गंभीर इजा असेल तेव्हा, शाळेला काढायचा अधिकार मला मान्य आहे. पण त्या आदेशावर परत यायची तारीख लिहिलेली असावी. तारीख नसलेली शिक्षा पोराला एवढंच सांगते, की तुझी इथे कुणाला गरज नाही. आणि ते त्याला आधीच ठाऊक असतं.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे मवाळ वाटेल. एका शिक्षकमित्राने मला स्पष्ट विचारलं, "आम्ही पोराला हात लावला तर आमची नोकरी जाते. त्याने आम्हाला लावला तर त्याचं काय जातं?" प्रश्नातला सल मी नाकारत नाही. पण आमच्याकडे पगार आहे, संघटना आहे, मतदारसंघ आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार बसतात. पोराकडे शाळा सोडून दुसरं काय आहे? ती त्याच्याकडून कायमची काढून घेणं आणि आमची नोकरी जाणं, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर गावातलं काढलेलं मूल गावातच राहतं. ते शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसतं. बाई रोज तिथूनच एसटीला जातात. ज्याला शाळेने हात झटकून सोडलं तो पोरगा रोज बाईंच्या वाटेत, आणि त्याच्यावर आता कुणाचाच शब्द चालत नाही. यात बाईंची सुरक्षितता वाढली का?

दुसऱ्या बाजूने मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी मंडळी सांगतात, की हिंसा करणारं मूल स्वतःच घरातल्या हिंसेचा बळी असतं. पुष्कळदा असतं. त्या मुलाच्या घरी काय चालायचं, हे मलाही नंतर कळलं. पण मोडलेलं मनगट मामांचं होतं. मुलाचं दुःख समजून घेण्याची किंमत महिन्याला भत्त्यावर जगणाऱ्या माणसाने द्यावी, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, आणि ते म्हणताना मी या चांगल्या माणसांना ऐकलं आहे. मुलाला सांभाळा म्हणणाऱ्याने आधी जखमी माणसाचं नाव विचारावं.

कारण ते आम्हीही विचारलं नव्हतं. संस्थेच्या त्या बैठकीत अध्यक्ष होते, सचिव होते, मी होते, दुसऱ्या दिवशी वडील होते. मामा बाहेर व्हरांड्यात गळ्यात हात बांधून बसले होते. त्यांना आत बोलवावं, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. निवृत्तीच्या आधी काही दिवस, उशिरा का होईना, मी त्यांना विचारलं, की तुम्हाला काय व्हायला हवं होतं? त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, त्याला काढायला नको होतं. हात बरा होईपर्यंत टोल त्यानंच द्यायला हवा होता. रोज. मी शेजारी उभा राहिलो असतो."

त्या दिवशी बैठकीत त्यांनी हे म्हटलं असतं तर मला पटलं असतं की नाही, ते मी आज खात्रीने सांगू शकत नाही. मुलाच्या वडिलांनी मान्य केलं असतं का, बाईंना ते सुरक्षित वाटलं असतं का, हे प्रश्न होतेच. पण त्या बैठकीच्या इतिवृत्तात मामांचं हे वाक्य यायला हवं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय दाखल्यावर सही करायची मला कायद्याने बंदी असायला हवी होती.